पाना, पुस्तक आणि प्रमाणपत्र
(संस्थेच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यात मोटार मेकॅनिकच्या प्रशिक्षणाविषयी केलेले भाषण)



दहावीचा निकाल लागला की आपल्या घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : पुढे काय? ज्याला भरपूर गुण पडले त्याच्यासाठी सगळे नातेवाईक सल्ले घेऊन येतात. ज्याला बेताचे गुण पडले त्याच्याविषयी मात्र एका वाक्यात निकाल लागतो, "याला टाका आयटीआयला." या "टाका" शब्दाबद्दल माझी तक्रार आहे. टाकायची वस्तू असते ती निकामी झालेली असते. मी माझे नोकरीचे आयुष्य आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांना शिकवण्यात घालवले. तिथे आलेला मुलगा निकामी असतो असा माझा अनुभव नाही. तो बहुधा न विचारता पाठवलेला असतो, एवढेच. म्हणून आज हा व्यवसाय काय आहे, तो शिकायचा कसा आणि तो शिकताना आपली मुले नेमकी कुठे मागे पडतात, याविषयी चार गोष्टी आपल्यासमोर ठेवणार आहे.

बंधू-भगिनींनो, आपल्याकडे जुने धंदे जातीला बांधलेले होते. सुताराचा मुलगा सुतार, लोहाराचा लोहार. ज्याच्या घरात हत्यार त्याच्याच मुलाच्या हातात विद्या. मोटारगाडी या देशात आली तेव्हा ती दुरुस्त करण्याचा धंदा कोणत्याच जातीच्या नावावर लिहिलेला नव्हता. हा धंदा नवा होता आणि म्हणून मोकळा होता. तरीही त्याला एक दार होतेच. ते दार म्हणजे गॅरेजचा उस्ताद. त्याच्या मर्जीने पोरगा गॅरेजवर लागायचा. पहिली दोन-तीन वर्षे चहा आणायचा, डिझेलमध्ये सुटे भाग धुवायचे, पाना हातात द्यायचा. उस्तादाची मर्जी बसली तर त्याने इंजिनाचे टायमिंग जुळवताना जवळ उभे राहू द्यायचे, नाही बसली तर नेमक्या त्याच वेळी सामान आणायला बाजारात पाठवायचे. चांगले उस्ताद पुष्कळ होते आणि आहेत. त्यांच्या हातून तयार झालेली माणसे आजही इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगतात. परंतु ही विद्या एका माणसाच्या मर्जीवर अवलंबून होती, हे आपण विसरता कामा नये. ज्याचा कोणी मामा-काका गॅरेजवाला नाही, त्याला भाग धुण्याच्या पुढे जायला फार वर्षे लागत.

हे दार सर्वांसाठी उघडण्याच्या कामात परमपूज्य बाबासाहेबांचा वाटा आहे आणि तो आपल्याच विद्यार्थ्यांना फारसा माहीत नसतो. बाबासाहेब १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि १९४६ पर्यंत त्या पदावर होते. तो महायुद्धाचा काळ. लष्कराला आणि कारखान्यांना फिटर, वेल्डर, मोटार मेकॅनिक असे कुशल कारागीर मोठ्या संख्येने हवे होते आणि त्यासाठीची तांत्रिक प्रशिक्षण योजना त्यांच्या खात्याकडे होती. त्याच १९४२ साली त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन सरकारला सादर केले. त्यात उच्च शिक्षणाच्या शिष्यवृत्त्यांबरोबरच तांत्रिक शिक्षणाचीही मागणी होती. सरकारी छापखाने आणि रेल्वेच्या कार्यशाळा यांत आमच्या मुलांना उमेदवारी मिळाली पाहिजे, असा तिचा आशय होता. बॅरिस्टर झालेल्या माणसाने कार्यशाळेतल्या उमेदवारीची मागणी करावी, यातच आपण काय ते समजून घ्यावे. पुढे १९४५ साली मजूर खात्याच्या अखत्यारीत पुनर्वसन व सेवायोजन महासंचालनालय स्थापन झाले, १९५० साली भारत सरकारची शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली आणि १९६१ साली शिकाऊ उमेदवार कायदा झाला. आज तालुक्याच्या ठिकाणी जी आयटीआय दिसते ती याच वाटेने आलेली आहे. तिथे प्रवेश गुणांवर आणि आरक्षणाच्या नियमाने मिळतो, उस्तादाच्या मर्जीने मिळत नाही. इंजिन कसे उघडायचे हे तिथे सर्वांदेखत शिकवले जाते. हा फरक लहान नाही.

आता या धंद्यात झालेल्या बदलाकडे वळू. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी एसटीची पहिली गाडी धावली. ती लाकडी बॉडीची होती. बरोबर ७४ वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर एसटीची 'शिवाई' ही विजेवर चालणारी बस सुरू झाली. पहिल्या गाडीच्या मेकॅनिकला पाने, हातोडी आणि कान पुरेसे होते. दुसऱ्या गाडीच्या मेकॅनिकला तारांचे आकृतीचित्र वाचता आले पाहिजे, मीटर लावता आला पाहिजे आणि कुठे हात लावायचा नाही हे आधी कळले पाहिजे.

विजेची गाडी तुमच्या गावात अजून तुरळक असेल. पण पेट्रोल-डिझेलच्या गाड्यासुद्धा आता पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे कडक मानक लागू झाले. त्यामुळे बहुतेक नव्या मोटारसायकलींमधून कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागी इंजेक्टर, सेन्सर आणि एक छोटा संगणक आला. पूर्वी गाडी मिसिंग मारू लागली की पोरगा कार्बोरेटर खोलून जेट फुंकायचा आणि गाडी चालू व्हायची. आता फुंकायला जेटच नाही. डिझेलच्या ट्रकला काजळी पकडणारा फिल्टर आला, युरियाच्या द्रावणाची वेगळी टाकी आली. पन्नास अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांनाही २०२३ पासून नवे मानक लागू झाले. लहान ट्रॅक्टरांत जुन्या पद्धतीचा पंप अजून आहे. पण आज पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलाने कामाची चाळीस वर्षे डोळ्यांसमोर ठेवून शिकायचे असते, आजच्या एका वर्षाकडे पाहून नव्हे.

यातून नवा धोका निर्माण झाला आहे आणि माझ्या भाषणाचा गाभा तोच आहे. पूर्वी विद्या उस्तादाच्या मर्जीत अडकलेली होती. आता ती इंग्रजी पुस्तिकेत आणि स्कॅनरच्या पडद्यावर अडकते आहे. ज्याला वाचता येत नाही त्याच्यापुढे ते दार पुन्हा बंद होते. आपली मुले हाताने तरबेज असतात, पण वाचायला कंटाळतात. आणि इथेच ती मागे पडतात.

एक उदाहरण देतो. गाडी धक्के खाते म्हणून मालक गॅरेजवर येतो. स्कॅनर लावला तर पडद्यावर इंधनाचे मिश्रण पातळ असल्याचा कोड दिसतो. न शिकलेला मेकॅनिक काय करतो? त्या कोडमध्ये ऑक्सिजन सेन्सरचे नाव दिसले म्हणून सेन्सर बदलतो. मालकाचे काही हजार रुपये जातात आणि गाडी धक्के खातच राहते. शिकलेला मेकॅनिक थांबतो आणि विचार करतो. मिश्रण पातळ म्हणजे हवा जास्त किंवा इंधन कमी. हवेच्या नळीला चीर गेली आहे काय? फिल्टर चोंदून किंवा पंप अशक्त होऊन इंधनाचा दाब कमी पडला आहे काय? सेन्सरची तार तुटली आहे काय? तो एकेक कारण तपासून बाद करत जातो. गोठ्याजवळ उभ्या राहणाऱ्या गाडीची वायर उंदराने कुरतडलेली निघते आणि काम तार जोडण्यावर भागते. स्कॅनर दोष सांगत नाही, तो फक्त कोणत्या गल्लीत शोधायचे ते सांगतो. घर माणसालाच शोधावे लागते.

आणि याला नेहमी महागडे यंत्रच लागते असे नाही. काही शे रुपयांच्या मल्टिमीटरने अर्धे निदान होते. इंजिन बंद असताना चांगल्या भरलेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात आणि इंजिन चालू केल्यावर १४ च्या आसपास. चालू इंजिनावर आकडा वर गेलाच नाही तर दोष चार्जिंगमध्ये आहे. अशा वेळी नवी बॅटरी विकणे ही ग्राहकाची फसवणूक आहे. हे ज्ञान दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या विद्युतधारेच्या धड्याचेच पुढचे पान आहे. म्हणून "आम्हाला गाडीच दुरुस्त करायची आहे, गणित-विज्ञान कशाला?" असे कोणी म्हणू नये.

आता व्यवहाराचे बोलतो. विद्यार्थ्यांनी लिहून घ्यावे.

दहावी विज्ञान व गणितासह उत्तीर्ण झालेल्याला 'मेकॅनिक मोटर व्हेइकल' या दोन वर्षांच्या व्यवसायाला प्रवेश मागता येतो. 'मेकॅनिक डिझेल' हा एक वर्षाचा आहे. याशिवाय ट्रॅक्टर मेकॅनिक आणि विजेच्या वाहनांचा मेकॅनिक असेही व्यवसाय आहेत, पण प्रत्येक आयटीआयमध्ये प्रत्येक व्यवसाय नसतो. म्हणून अर्ज भरण्यापूर्वी आपल्या आणि शेजारच्या तालुक्यातील संस्थेत स्वतः जाऊन चौकशी करावी. प्रवेश राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयामार्फत ऑनलाइन होतो. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला निकालाच्या आधीच काढून ठेवावा. दाखल्यासाठी फेरी हुकलेले विद्यार्थी मी दरवर्षी पाहिले आहेत. शिष्यवृत्ती आणि शुल्क सवलतीची चौकशी प्रवेशाच्या वेळीच करावी. मुलींसाठीही जागा राखीव असतात. आजच्या कामात ताकदीपेक्षा निदान आणि नेटकेपणा जास्त लागतो, तेव्हा मुलींनी या व्यवसायाकडे पाठ फिरवू नये.

शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा होते आणि राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र मिळते. इथे बहुतेक पालकांना वाटते की शिक्षण संपले. ते संपलेले नसते. आयटीआयमधले इंजिन शंभर वेळा उघडलेले असते. त्याचे नटसुद्धा विद्यार्थ्यांना ओळखू लागलेले असतात. खरी गाडी, जिचा मालक समोर उभा आहे आणि जिचा बोल्ट गंजून अडकला आहे, ती शिकाऊ उमेदवारीत भेटते. शिकाऊ उमेदवार कायद्याच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या आस्थापनांना शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. एसटीच्या यवतमाळ विभागातही उमेदवार घेतले जातात. या काळात विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा देऊन वेगळे प्रमाणपत्र मिळते.

याच एका वर्षात आपली मुले गळतात. विद्यावेतन तुटपुंजे असते, घरची गरज मोठी असते. कोणीतरी सांगतो, अमक्या ठिकाणी लगेच जास्त पगार आहे. मुलगा पुण्याकडच्या एखाद्या कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली लागतो आणि तिथे दिवसभर एकच बोल्ट आवळत राहतो. दोन वर्षांनी ठेका संपला की तो परत येतो. प्रमाणपत्र पेटीत असते, पण हातातले काम विसरलेले असते. मी त्या मुलांना दोष देत नाही, कारण भुकेला उपदेश चालत नाही. पण हे एक वर्ष कसे निभावायचे याचा विचार घराने आणि समाजाने मिळून केला पाहिजे.

पुढे शिकायचे असेल तर वाट बंद नाही. दहावीनंतर दोन वर्षांची आयटीआय केलेल्याला नियमाप्रमाणे पॉलिटेक्निकच्या पदविकेत थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो. भाषा विषयांची परीक्षा देऊन बारावीची समकक्षता मिळवण्याचीही सोय आहे. ऑटोमोबाइल किंवा मेकॅनिकल पदविकेनंतर सहायक मोटार वाहन निरीक्षकाच्या स्पर्धा परीक्षेचे दार उघडते. जे आज गॅरेजवर वर्षानुवर्षे काम करत आहेत आणि ज्यांच्याकडे कागद नाही, त्या बांधवांनीही निराश होऊ नये. अनुभवी कारागिरांना खाजगी उमेदवार म्हणून व्यवसाय परीक्षेस बसण्याची तरतूद आहे. तिच्या अटी जवळच्या आयटीआयमध्ये समजून घ्याव्यात. त्यांच्या हाताला कागदाची जोड मिळाली तर कर्जाच्या अर्जावर आणि नोकरीच्या अर्जावर त्यांचे कौशल्य दिसू लागेल.

मग काम कुठे आहे, असे कोणी विचारील. आपल्या जिल्ह्यात मोटारीचा कारखाना नाही हे खरे. पण एमएच-२९ क्रमांकाची पाटी लावलेली प्रत्येक गाडी कधी ना कधी बिघडणारच आहे. वणीकडे कोळसा वाहणारे टिप्पर रात्रंदिवस चालतात. पांढरकवड्यावरून नागपूर-हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४४ जातो आणि त्यावर बंद पडलेला ट्रक तिथेच दुरुस्त व्हावा लागतो. पुसद, उमरखेड, दारव्हा, दिग्रस, घाटंजी, राळेगाव, कुठेही जा, गावागावात मोटारसायकली आणि ट्रॅक्टर आहेत. मृगाचा पाऊस पडून वावरात वापसा आला आणि नेमका ट्रॅक्टर बंद पडला, तर त्या शेतकऱ्याचे किती नुकसान होते ते कपाशी आणि सोयाबीनच्या या जिल्ह्यात मी सांगायला नको. पेरणीचे चार दिवस गेले तर हंगाम मागे पडतो. अशा वेळी वावरात येऊन दोन तासांत ट्रॅक्टर चालू करून देणारा आणि वाजवी पैसे घेणारा मेकॅनिक हा त्या गावाचा आधार असतो. हे काम करायला पुण्या-मुंबईला जावे लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्या जिवाशी संबंधित दोन शब्द. जॅकवर उचललेल्या गाडीखाली लोखंडी स्टँड लावल्याशिवाय शिरू नका. जॅक हा उचलण्यासाठी असतो, पेलून धरण्यासाठी नसतो. आजच्या डिझेल इंजिनात इंधनाचा कमाल दाब पंधराशे ते दोन हजार बारपर्यंत जातो. कारच्या चाकातला दाब असतो सुमारे दोन बार. म्हणून चालू इंजिनात डिझेल कुठे गळते हे कधीही बोटाने चाचपू नका. ती धार कातडी भेदून आत जाते आणि वरून जखम लहान दिसली तरी हात गमावण्याची वेळ येते. ब्रेकच्या लायनिंगची धूळ हवेने उडवू नका, ती फुप्फुसात जाते. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, त्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही. पेट्रोलने हात धुऊ नका. विजेच्या कारमध्ये केशरी रंगाच्या केबल दिसल्या तर समजा की तिथे तीनशे-चारशे व्होल्टचा विद्युतदाब असू शकतो. त्याचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय आणि विद्युतरोधक हातमोजे घातल्याशिवाय तिथे हात घालणे म्हणजे शौर्य नव्हे. गॅरेजमध्ये सावधपणाला भित्रेपणा म्हणून हसण्याची पद्धत आहे. हसणाऱ्यांना हसू द्या.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना माझी तीन कामांची विनंती आहे. पहिले म्हणजे निकालाच्या दिवसांत इथे एक मदत-टेबल लावावे, जिथे दाखले, अर्ज आणि प्रवेशफेऱ्या यांची माहिती मिळेल. दुसरे, आपल्या वाचनालयात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांशेजारी मोटार दुरुस्तीची पुस्तके आणि वायरिंगच्या आकृत्या ठेवाव्यात. आठवड्यातून एक संध्याकाळ जाणत्या मेकॅनिकने मुलांना घेऊन त्या वाचाव्यात. इंग्रजी शब्द अडला तर तो मराठीत समजावून सांगावा. शे-दोनशे शब्द पक्के झाले की पुस्तिकेची भीती जाते. आणि तिसरे, उमेदवारीच्या त्या एका वर्षासाठी गरजू मुलांना खोलीभाडे किंवा हत्यारांचा संच मिळेल असा छोटा निधी उभा करावा. सत्कारावर होणाऱ्या खर्चातला थोडा भाग इकडे वळला तरी पुष्कळ होईल. ज्यांना मदत मिळाली त्यांनी कमावते झाल्यावर ती निधीत परत घालावी, म्हणजे पुढच्या मुलाची सोय होईल.

पालकांना एवढेच सांगतो की मुलाला आयटीआयला "टाकू" नका, त्याला विचारून, संस्था दाखवून, मग पाठवा. आणि विद्यार्थ्यांना सांगतो, पाना हातात घ्या, पण पुस्तक खाली ठेवू नका. पाना तुम्हाला आजचे काम देईल, प्रमाणपत्र तुम्हाला दारातून आत नेईल, आणि वाचन तुम्हाला दहा वर्षांनी येणाऱ्या गाडीसाठी तयार ठेवील. या तिन्हींपैकी एक जरी सुटले तरी कोणाच्या तरी मर्जीवर जगावे लागेल. आणि ते दिवस आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ पाहिले आहेत.

 जयभीम.